आजारी पोरगं आहे, मग बैठकीला आम्ही कशाला?

यावल तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. मुलगा ११ वर्षांचा, सहावीत. चार महिन्यांपासून क्रिकेटला जात नाही, शाळेची वेळ झाली की पोट धरून बसतो, लहान बहिणीवर खेकसतो, रात्री बारापर्यंत टक्क जागा. रक्त-लघवी झाली, सोनोग्राफी झाली, पोटात काही निघालं नाही. शेवटी जळगावच्या मानसोपचार डॉक्टरांनी मुलाला नैराश्य आहे असं सांगितलं. गोळी लगेच नको, आधी समुपदेशकाकडे बैठका करा म्हणाले, आणि बैठकांना आई, वडील, आजी सगळ्यांनाच बोलावलं. घोडं तिथे अडलं. ताईंच्या मालकांचं म्हणणं, "आजारी पोरगं आहे, मग आम्ही कशाला?" सासूबाई म्हणतात, "म्हणजे आमचाच दोष काढतील." आणि ताईंचा स्वतःचा प्रश्न असा, की नुसतं बोलून आजार कसा जाईल, आणि किती दिवसांत? शेवटी जाता जाता एक ओळ लिहिली आहे, "नवोदयला नंबर लागला नाही तेव्हापासून तो गप्प गप्पच झाला."

ताई, जा. तिघंही जा. मालक पहिल्या वेळी आले नाहीत तर तुम्ही आणि सासूबाई जा, पण त्यांची वाट बघत महिना घालवू नका.

मी २२ वर्षं जळगावात मुलांच्या समुपदेशनाचं हेच काम करते. सुरुवातीला माझ्या खोलीत तीन खुर्च्या होत्या. एक माझी, एक मुलाची, एक आईची. वडील बाहेर मोटरसायकलवर बसून राहायचे. आज सात खुर्च्या आहेत आणि कधी कधी एखादी आत्या तरीही उभी असते. खुर्च्या वाढल्या त्या अनुभवाने. एकट्या मुलाबरोबर तासभर छान बोलायचे, मूल जरा मोकळं व्हायचं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जसंच्या तसं माझ्यासमोर. आठवड्याचे तास १६८. त्यातला एक माझा. उरलेले १६७ तास ते मूल ज्यांच्यात राहतं, जेवतं, झोपतं, त्यांना दाराबाहेर ठेवून मी कुणावर उपचार करत होते?

आधी सासूबाईंच्या दोषाचं बोलू, कारण सगळं तिथेच अडलं आहे. घरात कुणाला शुगर निघाली की आपण काय करतो? चहातली साखर बदलते, संध्याकाळी कुणीतरी सोबत चालायला जातं, लग्नात ताटाकडे कुणाचं तरी लक्ष असतं. घराने शुगर दिली असं कुणी म्हणत नाही, पण घर हललं नाही तर शुगर आटोक्यात येत नाही हे सगळ्यांना पटतं. मुलाच्या नैराश्यातही तसंच. ते का आलं याला एकच एक उत्तर नसतं. थोडं रक्तातून येतं, थोडं स्वभावातून, थोडं शाळेतून, एखादा धक्का असतो. घर हे त्यातलं एक. पण बरं होण्यासाठी हाताशी असलेली सगळ्यात मोठी ताकद मात्र घरच. आता उगाच गोडही बोलत नाही. बैठकीत घरातल्या काही सवयी उघड्या पडतात, आणि ते क्षण अवघड असतात. चांगला समुपदेशक तिथे न्यायाधीश होत नाही. तुमचे झाले, तर बदला.

मोठ्या माणसाचं नैराश्य आपण ओळखतो, माणूस खचतो, रडतो, जेवण टाकतो. मुलांचं तसं दिसत नाही. ते चिडचिडीतून दिसतं. म्हणूनच निदानाच्या नियमांत मुलांसाठी मुद्दाम लिहिलं आहे, की उदासीऐवजी चिडकेपणा असला तरी धरावा. दोन आठवड्यांहून जास्त, जवळजवळ रोज, आणि जोडीला झोप, भूक, लक्ष, आवड यांतलं बरंच काही बिघडलेलं. पोटदुखी खोटी नसते. पोट खरंच दुखतं, फक्त सोनोग्राफीत दिसत नाही.

आणि गोम इथेच आहे. रडणाऱ्या मुलाला घर जवळ घेतं. खेकसणाऱ्या मुलाला घर काय करतं? "माजला आहे", "मोबाईलने वाया गेला", "लाडाने बिघडवलं". म्हणजे आजार जितका वाढतो, तितकं त्या मुलाला कमी प्रेम आणि जास्त बोलणी मिळतात. बोलणी खाऊन ते आणखी मिटतं, मिटलं की आणखी बोलणी. हा रहाट एकदा फिरायला लागला की कुणी मुद्दाम ढकलावा लागत नाही.

एक घर सांगते. ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलले आहेत. अमळनेरकडचं कुटुंब, कपाशी, दोन म्हशी. मुलगा १२ वर्षांचा. पहिल्या बैठकीला आजी, वडील, आई आणि तो. मुलाने दाराजवळची खुर्ची धरली. आजी बसता बसताच म्हणाली, "त्याले काय धाड भरनी? चांगला शे तो." वडील भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते, कारण दुपारची गाडी चुकली तर थेट संध्याकाळी.

मी जुन्या कॅलेंडरचं एक पान उलटं करून मध्ये ठेवलं आणि एवढंच विचारलं, "मागच्या मंगळवारी संध्याकाळी सहा ते आठ घरात काय झालं?" पूर्ण इतिहास नको, मुलाचा स्वभाव नको, फक्त ते दोन तास. सुरुवातीला सगळे म्हणाले, रोजच्यासारखं. मग हळूहळू निघालं. वडील शेतातून आले. चप्पल काढता काढता विचारलं, "अभ्यास झाला का?" मुलगा म्हणाला, "हो." वडील म्हणाले, "दाखव." मुलगा उठला नाही. वडिलांचा आवाज चढला. आजी आतून दुधाचा पेला घेऊन आली आणि नातवाला मागच्या खोलीत घेऊन गेली. वडील आईवर घसरले, "तुम्हीच त्याला डोक्यावर बसवलं." आई काही बोलली नाही, भाकरी थापत राहिली. साडेसातला मुलाचं पोट दुखायला लागलं. आणि मग? मग वडिलांनी मोटरसायकल काढली, आई मागे बसली, आजीने ओवा बांधून दिला, आणि तिघंही एकमेकांशी नीट बोलत त्याला दवाखान्यात घेऊन गेले.

मी हे सगळं त्या पानावर गोलात लिहीत होते. चप्पल, दाखव, आवाज, दूध, भाकरी, पोट, मोटरसायकल. शेवटची रेघ पुन्हा पहिल्या शब्दाला नेऊन जोडली आणि पान त्यांच्याकडे फिरवलं. कुणीच काही बोललं नाही. मग आजीच म्हणाली, "म्हंजे पोट दुखस तवाच आम्ही भांडत नही." मला जे सांगायला तीन बैठका लागल्या असत्या, ते त्या आजीने एका वाक्यात सांगून टाकलं. कुणी मुद्दाम काही करत नव्हतं. वडिलांना काळजी होती, आजीला माया होती, आईला भांडण वाढवायचं नव्हतं. तिघांचाही हेतू चांगला, आणि मूल मात्र त्या गोलात खाली खाली चाललेलं.

असा रहाट उलटा फिरवायचा तर सगळं एकदम बदलावं लागत नाही. कुठेतरी एक गाडगं बदललं तरी चालतं. त्या घरात आम्ही चप्पल निवडली. घरात शिरताच पहिला प्रश्न अभ्यासाचा नाही, एवढंच. मग पहिला शब्द काय? वडील म्हणाले, "मग काय विचारू, दुसरं काही सुचत नाही." हे त्यांनी चिडून नाही, अगदी खरं सांगितलं. आपल्याकडे बापाला पोराशी बोलायला अभ्यास, पैसे आणि मोबाईल याखेरीज विषयच कुणी शिकवलेला नसतो.

म्हणून बैठकीत बोलण्याचा सराव करावा लागतो. हसू येईल, पण खरोखर सराव, लग्नात नाचाच्या आधी करतात तसा. पहिला सराव कौतुकाचा. त्या वडिलांना मी म्हटलं, गेल्या आठवड्यात मुलाने केलेली एक गोष्ट त्याला इथे, माझ्यासमोर सांगा. ते म्हणाले, "चांगला मुलगा आहे." मी म्हटलं, हे सर्टिफिकेट झालं. तुम्ही काय पाहिलं ते सांगा. "हुशार आहे, पण..." तो "पण" नको. चौथ्या वेळी ते मुलाकडे न बघता म्हणाले, "रविवारी मी न सांगता तू म्हशींना पाणी दाखवलं. मी पाहिलं ते. मला बरं वाटलं." मुलाने एकदा बापाकडे पाहिलं आणि मग बराच वेळ पंख्याकडे. खुर्ची मात्र तेवढ्यात दारापासून थोडी आत सरकली होती.

दुसरा सराव ऐकण्याचा, आणि हा जास्त अवघड. मूल तीन मिनिटं बोलणार, वडील फक्त ऐकणार. सल्ला नाही, प्रश्न नाही, "आमच्या वेळी" नाही. मोबाईलवर तीन मिनिटं लावली. चाळिसाव्या सेकंदाला वडील म्हणाले, "अरे पण..." पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा "अरे पण". शेवटी आजीला हिशोबाचं काम दिलं. घरी एक स्टीलची वाटी ठेवायची आणि घरातलं कुणीही, आजीसुद्धा, पोरगा बोलत असताना "अरे पण" म्हणालं की तिच्यात तुरीचा एक दाणा टाकायचा. पहिल्या आठवड्यात ३१ दाणे. तिसऱ्या आठवड्यात ९. त्या नऊमधले सहा आपलेच होते असं आजीने स्वतः येऊन सांगितलं.

हे सगळं घरगुती वाटतं, पण त्यामागे पाहणी आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटापासून दवाखान्यातून घरी गेलेल्या मनोरुग्णांचा मागोवा घेतला. ज्या घरांत टोचून बोलणं जास्त होतं, किंवा जीव टाकून, रुग्णाला श्वासही घेऊ न देता काळजी केली जात होती, तिथे आजार उलटण्याचं प्रमाण जास्त आढळलं. दुसरा भाग नीट वाचा. नुसती टीकाच नव्हे, अति काळजीही त्रासदायक. आमच्याकडच्या आज्यांना हे पटायला वेळ लागतो, आणि मलाही त्यांना ते सांगायला जीभ जड होते. पुढे १९८९ साली तर नैराश्याच्या रुग्णांना एकच प्रश्न विचारून पाहिला गेला, तुमचा जोडीदार तुम्हाला किती नावं ठेवतो, १ ते १० मध्ये सांगा. त्या एका आकड्यावरून पुढे कुणाचा आजार उलटेल याचा बराच अंदाज येत होता. मी हा प्रश्न मुलांना विचारते, फक्त जोडीदाराऐवजी घरातला एकेक माणूस घेऊन. मुलं अगदी झटकन आकडे सांगतात. घरच्यांना ते ऐकून धक्का बसतो, कारण आठ मिळालेला बाप स्वतःला दोन देत असतो.

खास मुलांच्या नैराश्यासाठी घराला धरून करायच्या बैठकांची अमेरिकेत बोस्टन आणि लॉस एंजेलिसला रीतसर चाचणी झाली. २०१७ साली तिचे निकाल छापून आले. ७ ते १४ वर्षांची १३४ मुलं. अर्ध्यांना कुटुंबासह बैठका, अर्ध्यांना एकट्याने, आधार देणाऱ्या समुपदेशकाबरोबर. १५ बैठकांपर्यंत. कुटुंबासह बैठका घेतलेल्या मुलांपैकी सुमारे ७८ टक्क्यांची लक्षणं निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाली. एकट्या मुलांत हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास. मी पालकांना याची दुसरी बाजूही सांगते. वर्षभराने पाहिलं तेव्हा दोन्ही गटांतली बहुतेक मुलं सावरलेली होती आणि मधलं अंतर फारसं उरलं नव्हतं. म्हणजे घर सोबत आलं तर मूल लवकर वर येतं. सहावीतल्या मुलासाठी हे "लवकर" फार मोलाचं. एक वर्ष हुकलं की मित्र पुढे जातात, गणित सुटतं, आणि मग नैराश्य एकटं राहत नाही.

कुणी म्हणेल हे सगळं तिकडचं. तसं नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या घरच्यांना आवारात तंबू ठोकून राहायला लावलं आणि उपचारात घेतलं. वेल्लोरलाही रुग्णासोबत घरचं माणूस राहण्याची पद्धत त्याच काळापासून आहे. आपल्याकडे पेशंटबरोबर जीपभर माणसं येतात आणि डॉक्टर वैतागतात. मला ती जीप दिसली की बरं वाटतं. घर शोधून आणावं लागत नाही, स्वतःहून आलेलं असतं.

ताई, तुमच्या मुलाच्या नवोदयबद्दल. एका नवोदय विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० जागा, आणि जिल्ह्यातून परीक्षेला बसणारी मुलं हजारांत. हे आकडे मोठ्यांना समजतात. चौथीपासून पहाटे उठून क्लासला गेलेल्या मुलाला मात्र एवढंच समजतं, की घरातल्या सगळ्यांना हवी असलेली एक गोष्ट होती आणि ती आपल्यामुळे गेली. निकालानंतर घरात त्या विषयावर काय बोलणं झालं, हे बैठकीत नक्की निघेल. बहुतेक घरांत काहीच झालेलं नसतं. सगळे त्याला वाईट वाटू नये म्हणून गप्प, आणि तो समजतो, बोलण्याच्याही लायकीचा राहिलो नाही. माझ्याकडे अशाच एका मुलाला बापाने शेवटी सांगितलं, "मी पण डी.एड.ला लागलो नव्हतो. तीन दिवस जेवलो नव्हतो." मुलाला हे माहीतच नव्हतं. त्याने विचारलं, "मग चौथ्या दिवशी काय खाल्लं?" त्या बैठकीतलं सगळ्यात कामाचं वाक्य मला वाटतं तेच. पोरगं हसलं होतं.

बैठकांचा दुसरा मोठा भाग हातापायांचा आहे. नैराश्यात मूल म्हणतं, मन झालं की जाईन. मन होत नाही. म्हणून आधी पाय उचलायचा, मन मागून येतं, आणि हे एकट्याने जमत नाही म्हणून घराने सोबत उचलायचा. फार मोठं काही नको. "चल, महाबळेश्वरला जाऊ" असलं काही नकोच, तिकडेही ते मूल खिडकीत बसून राहतं आणि वर खर्चाचं ओझं घेतं. थंडीत शेतावर भरीत करा. वांगी तुरकाठ्यांवर भाजायचं काम पूर्ण त्याचं, करपली तरी त्याचीच. कळण्याची भाकरी आजीची. मोबाईल घरी. दीड तासाचा कार्यक्रम, पण त्यात त्याच्या हाताला काम आहे, सगळे एका जागी आहेत आणि कुणी कुणाला काही शिकवत नाही. यावल-रावेरच्या शेतकऱ्यांना मी ठिबकची आठवण देते. महिन्यातून एकदा पाट सोडून केळी येत नाही. रोज थोडं, मुळाशी. दिवसातून १५ मिनिटं, तो सांगेल ते, त्याच्याबरोबर. गजर लावून मोजलं तरी चालेल.

आता तुमच्याबद्दल, ताई. तुमच्या प्रश्नात सगळ्यांची वाक्यं आहेत, तुमचं स्वतःचं शेवटी अर्धं. झोप लागते का तुम्हाला? जेवण जातं का? हे विचारण्याला कारण आहे. २००६ साली अमेरिकेत १५१ आई-मूल जोड्यांचा अभ्यास झाला. उपचार फक्त नैराश्य असलेल्या आयांवर, गोळ्यांनी. मुलांवरचा उपचार त्या अभ्यासात नव्हता. तीन महिन्यांत ज्या आया बऱ्या झाल्या त्यांच्या मुलांचे त्रास कमी झाले, ज्या नाही झाल्या त्यांच्या मुलांचे थोडे वाढलेच. आईने स्वतःचा उपचार घेणं हा नखरा नाही की लाड नाहीत. बैठकीत समुपदेशकाने तुमचा विषय काढला तर "माझं काय, त्याचं बघा" म्हणू नका.

काही घरांत वडील सुरतला असतात. आपल्याकडे हे किती सर्रास आहे ते मी सांगायला नको, उधना-लिंबायतमध्ये अर्धा खान्देश राहतो. अशा वेळी मी फोन मध्ये टेबलावर ठेवते, स्पीकर लावते आणि त्या फोनला एक खुर्ची देते. कारखान्याच्या सुट्टीप्रमाणे वेळ बदलते. येऊ शकत नाही म्हणून बापाला बैठकीतून वगळलं, की घरात तो आणखी पाहुणा होतो.

भगताकडे जाऊन आलात की नाही ते तुम्ही लिहिलं नाही, पण बहुतेक घरं जाऊन आलेली असतात आणि माझ्यापासून लपवतात. लपवू नका. दृष्ट काढा, कानबाईला नवस करा, मला काही अडचण नाही, घर एकत्र येऊन मुलासाठी काही मागतं आहे हे मुलाला दिसतं. दोनच ठिकाणी मी ठाम आहे. मुलाला उपाशी ठेवणं, मारणं, चटके देणं यांतलं काही नाही. आणि डॉक्टरांची गोळी सुरू असेल तर ती कुणाच्या सांगण्यावरून बंद नाही.

गोळीचं थोडक्यात. सौम्य आजारात आधी बैठका, हे तुमच्या डॉक्टरांचं बरोबरच आहे. आजार जोराचा असेल, किंवा बैठकांनी महिना-दीड महिन्यात काहीच हललं नाही, तर गोळी येते. मुलांच्या नैराश्यात सगळ्यात जास्त अभ्यास फ्लुओक्सेटिनचा झालेला आहे. अमेरिकेत ते ८ वर्षांपासून पुढच्या मुलांच्या नैराश्यासाठी मान्य आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत मुलाकडे जास्त लक्ष ठेवायचं, अस्वस्थता वाढली किंवा जिवाचं बोलू लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, आणि गोळी मनाने सोडायची नाही.

एक गोष्ट मात्र बैठकीची वाट न बघता आजच करा. शेतकऱ्याच्या घरात फवारणीची औषधं, तणनाशकं मोकळी पडलेली असतात, कधी बैलांच्या दाव्याजवळ, कधी पलंगाखाली. ती सगळी उचलून कुलपात घाला. किल्ली मोठ्या माणसाच्या कमरेला, खुंटीवर नाही. घरातल्या झोपेच्या, बीपीच्या गोळ्याही तशाच. आणि मुलाला सरळ विचारा, "तुला कधी जगावंसं वाटत नाही का?" विचारल्याने डोक्यात येतं हा गैरसमज आहे. आधीच आलेलं असेल तर विचारल्याने ते बाहेर पडतं. उत्तर "हो" आलं तर ओरडू नका, शपथ घालू नका, एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्र असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र सुरू असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात.

सगळ्या घरांना एका खोलीत बसवायचं नसतं, हेही सांगायला हवं. घरात मारहाण होत असेल, कुणी पिऊन येत असेल, किंवा घरातल्याच माणसाने मुलाच्या अंगाला नको तसा हात लावला असेल, तर त्या माणसासमोर मुलाला बोलायला लावणं हा उपचार नाही, शिक्षा आहे. म्हणून मी पहिल्या बैठकीत मुलाशी वीस मिनिटं एकट्याने बोलतेच. त्याने सांगितलेलं घरी सांगत नाही, एक अपवाद सोडून. त्याच्या जिवाला किंवा अंगाला धोका असेल तर सांगावं लागतं, आणि लैंगिक अत्याचार असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवावंच लागतं. हे मी मुलालाही आधीच सांगते.

"किती दिवस?" हा प्रश्न मला शेतकरी बाप वेगळ्या शब्दांत विचारतात, "मॅडम, किती फवारण्या लागतील?" साधारण १२ ते १५ बैठका धरा. पहिल्या आठ दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी. सहसा झोप आधी सुधारते, मग खेकसणं कमी होतं, शाळा त्याच्यानंतर, आणि खेळ मित्रांवर अवलंबून. मधे एखादा आठवडा पुन्हा जुन्यासारखा जातो, पाहुणे आले, चाचणी आली, मे महिन्यात वादळाने बाग आडवी झाली. घरचे लगेच म्हणतात, गेलं सगळं वाया. त्या आठवड्यात बैठक चुकवू नका, तीच सगळ्यात उपयोगी पडते, कारण रहाट पुन्हा जुन्या दिशेने कसा फिरायला लागला हे ताजं ताजं सापडतं. शेवटच्या दोन बैठका यासाठीच ठेवतात. पुढच्या वेळी घरातल्या कुणाच्या कोणती खूण आधी लक्षात येईल आणि पहिलं पाऊल कोण उचलेल, हे कागदावर लिहून फ्रिजला लावायचं.

मालकांना तयार कसं करायचं? "तुम्ही चुकता म्हणून बोलावलंय" हे तर नाहीच, पण "तुम्ही आला नाहीत तर पोराचं काही खरं नाही" हेही नको, धमकीने आलेला माणूस हाताची घडी सोडत नाही. खरं तेच सांगा. डॉक्टरांना घरात काय चालतं ते कळायला हवं, आणि ते तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही. माझा अनुभव असा, की एकदा आलेले बाप दुसऱ्यांदा आईपेक्षा आधी हजर असतात. घरी कुणी त्यांना एवढं बोलू दिलेलं नसतं.

सासूबाईंना गाडीत पुढे बसवा.

आणि मुलाला फसवून नेऊ नका. दाताच्या डॉक्टरकडे जातोय, मावशीकडे जातोय, असं सांगून आणलेली मुलं पहिल्या दोन बैठका माझ्याशी नव्हे, त्या खोट्याशी भांडत असतात. आदल्या संध्याकाळी, जेवण झाल्यावर, सरळ सांगा, "तुझं पोट दुखतं, झोप लागत नाही, ते खरं आहे असं डॉक्टर म्हणाले. त्यासाठी आपण सगळे मिळून एका बाईंकडे बोलायला जाणार आहोत. तू एकटा नाही. तुला बोलायचं नसेल तर नको बोलू, नुसता बस." तो म्हणेल, "पप्पा पण?" त्या वेळी पप्पांनी स्वतः उत्तर द्यावं.